मारोतची लेक

मारोत चीजच्या लाकडी साच्यावर दगड ठेवत होती, तोच शेजारीण ओदिएर्न धापा टाकत दारात आली.

"अगं, तुझी सिबील आलीय! नदीपलीकडे व्होमेर शहराच्या चौकात बसलीय. लोक पाया पडतायत तिच्या."

"सकाळीच दारू ढोसलीस का गं?" मारोत म्हणाली.

सिबीलला जाऊन दोन वर्षं झाली होती. देवाचा आवाज ऐकू येतो म्हणणारी ही धनगराची पोर गावोगावची माणसं गोळा करून गेली आणि वेढ्यात अडकलेलं शहर सोडवून आली; बरोबरची कितीतरी पोरं मात्र नदी ओलांडताना बुडाली. साऱ्या लोरेन प्रांतात तिची गाणी गायली जात. मग छावणीतच तापाने गेली. मारोत तीन दिवस चालत तिथे पोचली होती. प्रेत तिने स्वतः धुतलं, कफन शिवलं, माती दिली. लोकांची ती देवी असेल; मारोतची एकुलती एक लेक होती.

थोड्याच वेळात नगराधिकाऱ्याचा शिपाई आला. आईने येऊन ओळख पटवायची होती. पोर तोतया निघाली, तर तिला जाळणार होते.

"जाळा की," मारोत होडीत बसताना म्हणाली. "मेलेल्या लेकराचं सोंग घेणारीची कसली दया?"

चौकात भर उन्हात गर्दी दाटली होती. मधोमध बसलेली पोर उठली.

"आई, किती वाळलीस गं!"

आवाज तोच होता. डाव्या भुवईत तोच भोवरा. पण मारोत मागे हटली नाही.

"माझी लेक असशील तर सांग. घर सोडलंस त्या दिवशी मी तुझ्या कानात काय म्हणाले?"

हे तिने पाद्रीबाबांपाशीही कधी कबूल केलं नव्हतं. पोर जवळ आली, कानाशी वाकली.

"'त्यापेक्षा मेली असतीस तर बरं झालं असतं.' असं म्हणालीस."

 मारोतने पोरीचा दंड धरला. दंड थंडगार होता.

"मग मी पुरली ती कोण?"

"पुरताना तोंड पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"कोणाचं होतं?"

"तुझं."

"मग मीच की, आई."

"बाई, मोठ्याने सांग," नगराधिकारी ओरडला. "तुझीच का ही?"

बाजूला लाकडं रचून तयार होती. मारोतने एकदा तिकडे पाहिलं.

"माझीच," ती म्हणाली.

उन्हं कलायच्या आत दोघी नदीवर आल्या. सिबील आधी चढली, मग मारोत. नावाड्याने दोर सोडला आणि होडी कचकन खाली बसली. पाणी होडीच्या काठाला लागलं.

"मावशी, बरोबर काय आणलंय?"

"काही नाही रे."

"मग होडी बुडतेय कशी? दोघीच ना तुम्ही?"

सिबील फळीवर थोडी सरकली आणि मागे पाहून हलकेच म्हणाली, "या रे. दाटीवाटीने बसा."

मारोतने मान वळवली नाही. तिच्या दुसऱ्या खांद्याला कुणाचा तरी ओला खांदा येऊन टेकला.