उंदरांची थंडी

अंबरनाथच्या आमच्या प्रयोगशाळेत कैलास पहिल्यांदा आला, तो थंड खोलीचं मशीन दुरुस्त करायला. आत पांढऱ्या उंदरांचे पिंजरे दिसले आणि हा उंचापुरा गडी, उल्हासनगरात एसी दुरुस्तीचं दुकान चालवणारा, चक्क माझ्या मागे लपला!

"मॅडम, हे... बाहेर नाही ना येत?"

"मशीन नाही चाललं तर येतील," मी म्हणाले. हसू आवरत नव्हतं.

मग मशीन बघायला म्हणून तो वरचेवर येऊ लागला. मशीन ठणठणीत होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"पण बिचाऱ्यांना फ्रीजमध्ये कशाला ठेवलंय?"

"थंडी वाजली की मेंदूतली पिट्युटरी एक हार्मोन सोडते. ते गळ्यातल्या थायरॉइडला कामाला लावतं, मग अंगात ऊब येते. थायरॉइड किती राबते, ते मी मोजतेय."

"म्हणजे पिट्युटरी सासूबाई! वर बसून नुसती ऑर्डर सोडणार..."

तो हसला की गालावर खळी पडायची. पडू दे. मला काय त्याचं?

रक्त तपासायच्या दिवशी सकाळी खोलीत शिरले. थंडीत एकमेकांना बिलगून झोपणारे माझे उंदीर ऐसपैस पसरले होते. खोली उबदार! सगळी मेहनत पाण्यात. आता माझी पीएचडी अडकणार.

फोन करताच कैलास धावत आला.

"मीच वाढवलं काल टेम्परेचर," तो खाली मान घालून म्हणाला. "तुम्ही आत कुडकुडत होता... ओठ निळे पडलेले. नाही बघवलं मला."

"अहो, थंडी हाच तर माझा प्रयोग होता!" मी ओरडले. मग रडले.

मशीन बिघडलं होतं, असं तो सहज सांगू शकला असता. पण तो सरळ आमच्या प्रमुख वृंदा मॅडमकडे गेला आणि सगळं कबूल करून आला. चूक माझी नाही म्हटल्यावर मला नवे उंदीर मिळाले. त्याचं आमच्याकडचं काम मात्र गेलं.

निघताना त्याने वॉचमन सुदामकाकांकडे माझ्यासाठी पिशवी ठेवली होती. आत जाड, मोरपंखी स्वेटर.

तो घालून मी प्रयोग पूर्ण केला. आकडे छान आले. पण ते पहिल्यांदा कोणाला सांगावेसे वाटले? मॅडमना नाही, आईला नाही...

भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात मी स्वेटर घालून त्याच्या दुकानात उभी राहिले. बाजूचा सिंधी कापडवाला डोळे फाडून बघत होता.

कैलासच्या हातातला पाना खाली पडला. "मॅडम! मशीन बिघडलं?"

"नाही. ठणठणीत आहे."

"मग?"

"तुम्ही नाही का यायचात... मशीन ठणठणीत असताना?"

त्याने पाना उचलला. मग ती खळी... "घामाघूम झालात. स्वेटर तरी काढा."

"आधी मॅडम म्हणणं सोडा."

"प्रगती," तो हळूच म्हणाला, "आवडतेस तू मला. त्या उंदरांची शप्पथ."

"मलाही तू," मी म्हणाले, आणि मगच स्वेटर काढला.