खांद्याइतक्या उंचीची ओल

तो गवंडी खरं तर शेजारच्या घरी कामासाठी आला होता. तिथं कुलूप, म्हणून निरोप ठेवायला या मायलेकींच्या दारात थांबला… आणि बोलता बोलता नजर गेली ती लेकीच्या शिलाई मशीनमागच्या भिंतीकडे.

"ओल चढलीय."

"पाहुण्यासारखी आली आणि घरजावयासारखी राहिली," आई म्हणाली. "बघा तुम्हाला दाद देते का."

मग तो येऊ लागला. फुगलेला गिलावा त्यानं विटांपर्यंत खरवडून काढला, तळाशी भोकं पाडून औषध भरलं. पुढं दर आठवड्याला भिंत किती वाळली ते पाहायला यायचा. तळहात विटांवर ठेवून उभा राहायचा, आणि तिची शिवण वाकडी जायची.

"रंग कधी?" आई विचारायची.

"घाई नको. वरून कोरडी दिसते, आतून वेळ घेते."

"काही माणसंही घेतात," ती पुटपुटली.

"मशीनशी बोलताय, की माझ्याशी?"

"मशीन ऐकतं तरी."

तो हसला. पण निघताना म्हणाला, "पुढच्या खेपेला भिंत वाळली असेल, तर गिलावा-रंग करून काम संपेल."

काम संपलं, की येणंही संपलं. गिऱ्हाइकाला कधी खोटा वायदा न करणारी ती — तो यायच्या दिवशी इस्त्रीच्या बाटलीनं तिनं भिंतीवर पाणी फवारलं. संध्याकाळी प्रार्थनेला हात जोडले, पण डोळे मिटवेनात.

तो आला. डाग बराच वेळ पाहत राहिला.

"जमिनीतली ओल खालून वर चढते. ही वरून खाली आलीय… तुमच्या खांद्याच्या उंचीवरून."

खिडकी उघडी राहिली असेल, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"मीच मारलं पाणी. भिंत वाळली असती, तर तुम्ही पुन्हा आला नसतात."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"भिंत केव्हाच वाळलीय," तो हलकेच म्हणाला. "मीच सांगितलं नाही."

दोघंही भिंतीकडेच पाहत राहिली. एकमेकांकडे पाहायचा धीर होईना.

"आता भिंतीचं निमित्त नको," तो म्हणाला. "येऊ ना… असाच?"

"असे नका येऊ," ती म्हणाली. "घरच्या मोठ्यांना घेऊन या."

"आधी गिलावा आणि रंग उरका," आतून आईचा आवाज आला. "की त्यांनाही माझ्यासारखं विटा बघत बसवायचंय?"