दोघांचा एकच खुलासा

"इतका उशीर? आणि बर्फ कुठं आहे?"

प्रयोगशाळेचं दार उघडता उघडताच रत्ना कडाडली. दारातला तरुण गोंधळला. हातात तार आणि शिशाचं सील, खिशात घडी घातलेला कागद... आणि ओठांवर, नळाला सील ठोकायला आलेल्या माणसाला न शोभणारं हसू.

"बर्फ न्हाई मॅडम, सील हाय. नरसिंग नाव माझं. कलेक्टर कचेरीतून आलो."

लातूर जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती. कचेरी नवी, खुर्च्या नव्या, दुष्काळ तेवढा जुना. गावाची सारी भिस्त टँकरवर होती, पण कॉलेजच्या बोअरला पाणी टिकून होतं. म्हणून हुकूम निघाला होता — बोअरचं पाणी फक्त पिण्याला, प्रयोगशाळांचे नळ बंद.

"नळ गेला तर माझी तीन वर्षं वाया जातील हो!"

"एवढं काय करून राहिलात तुम्ही?"

रत्नानं सांगितलं. "मेंदूतली एक पेशी दुसरीला चिकटलेली नसते, मध्ये बारीक फट असते. निरोप द्यायचा तर पहिली एक रसायन सोडते. ते फट ओलांडतं, दुसरीला भिडतं. निरोप पोचला की एक एन्झाइम ते रसायन लगेच मोडून टाकतं."

"मोडायचं कशाला? चांगला पोचला की."

"नाहीतर निरोप थांबतच नाही. फवारणीचं औषध त्या एन्झाइमलाच धरून ठेवतं. माझ्या काकांचे हात त्या फवारणीनंच थरथरायचे. किती औषधानं काय होतं, ते मी बकऱ्याच्या मेंदूत मोजते."

"निरोप थांबला न्हाई तर... वाईटच का हो?"

प्रश्न अगदी साळसूद होता. तरी रत्नाचे कान तापले.

नरसिंगनं सील खिशात टाकलं. डिस्टिल्ड वॉटरची एक बाटली गाळायची, तर वाफेची काचेची नळी थंड ठेवायला नळाचं दहा-बारा घागरी पाणी सोडावं लागे, आणि ते मागच्या गटारात जाई. तो म्हणाला, "हे गटारात नगं. वस्तीतल्या बायांना बोलवू. तुम्ही खिडकीतून घंटी वाजवायची, त्यांनी घागरी लावायच्या. मग पाणी वाया गेलं असं कोण म्हणंल?" हुकमाच्या कागदावर तिची सही घ्यायची होती, ती त्यानं घेतलीच नाही.

रोज चार वाजता घंटी वाजे आणि रोज चार वाजता नरसिंग हजर. रांग लावायला, असं तो म्हणे. बाया पदराआड हसत. रत्ना लिंगायताची लेक; खाटकाच्या दुकानासमोर उभं राहायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होई. हे कळलं, त्या दिवसापासून मेंदूचा डबा बर्फात घालून नरसिंगच सायकलवरून आणू लागला. लोक गजरे आणतात. तिच्या नशिबी हे आलं, आणि तिला ते गजऱ्याहून गोड वाटलं, आता काय बोलावं!

"आईला कळलं तर घरात घेणार नाही," ती म्हणाली.

"मग बिलोलीला या. माझी माय घेईल."

"...तुमचं काहीतरीच!"

पण त्या 'काहीतरीच'वर तिचे आठ-आठ दिवस मजेत जात. तो पुन्हा कधी विचारतोय, याची ती वाट पाहू लागली.

एकदा नरसिंगला टँकरच्या कामानं कंधारला जावं लागलं. त्या दिवशी रत्नाचे आकडे पहिल्यांदा मनासारखे येत होते. मेंदू वाटला की एन्झाइम थांबत नाही. मिनिटामिनिटाला मोजावं लागतं. ती मोजत राहिली. मागं पाणी चालू होतं आणि घंटी वाजवायची राहिली. दोन तास पाणी गटार भरून रस्त्यावरून वाहिलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला.

कचेरीनं दोघांकडून खुलासा मागवला. रत्नाचे गाइड शेषेराव सर म्हणाले, "हुकूम ठाऊक होता असं लिहिलंत, तर प्रयोगशाळेला कुलूप. पुढं तुमचं तुम्ही बघा."

रत्नानं दोनदा कागद फाडला. तिसऱ्यांदा लिहिलं, 'मला कसलाही आदेश सांगण्यात आला नव्हता.' खाली सही केली. दुपारच्या आत शिपाई कागद घेऊन गेला.

चारला नरसिंग आला.

"खुलासा दिला?"

"नरसिंग, मी—"

"थांबा, आधी माझं ऐका. मी लिहून दिलंय, हुकूम मी तुमच्यापर्यंत पोचवलाच न्हाई. तुम्ही खरं लिहिलं असणार, मला ठाऊक हाय. 'नरसिंगनी सांगितलं होतं, चूक माझी', असंच ना? ते परत घ्या. माझ्यासारखं लिहा. जुळलं न्हाई तर तुमच्यावर येईल."

रत्नानं टेबलाची कड धरली. आता बोल, तिनं स्वतःला बजावलं... आता. पण तो किती विश्वासानं पाहत होता!

"घेते परत," ती म्हणाली.

त्यानं मोकळा श्वास सोडला. "मग झालं. मला काय, बिलोलीला बदली करतील. घरच हाय." आणि खाली बघत, चप्पल घासत, "मायला सांगू का... लातूरची एक जण हाय म्हणून?"

याच प्रश्नासाठी तिनं महिने काढले होते. उत्तरही केव्हाच पाठ होतं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "मी... पत्र लिहीन."

नरसिंगची बिलोलीला बदली झाली. पत्र तिनं कितीदा सुरू केलं. पण आधी त्या खुलाशाचं लिहावं लागलं असतं, आणि तिथंच तिचा हात अडे. पुढं पदवी मिळाली, नांदेडला नोकरी लागली, तरी ते एक वाक्य तिच्याच्यानं लिहवलं नाही.

तिसऱ्या वर्षी नरसिंगच्या लग्नाची पत्रिका आली. कोपऱ्यात त्यानं स्वतः लिहिलं होतं, 'नक्की यावे. तुम्ही त्या दिवशी माझे ऐकलेत. खरे लिहिलेले कागद कोण कुणासाठी परत घेतो?'

आईनं ते वाचलं. "कोण गं हा? लई मानतो तुला."

"हो," रत्ना म्हणाली. तिनं पत्रिका पाकिटात घातली. "त्याला अजून काही ठाऊक नाही."