दुसऱ्या दारापाशी

दादा त्याची वीट घरी विसरला, म्हणून मी त्या दिवशी कारखान्यात गेले.

वीट म्हणजे त्याला कंपनीने दिलेला फोन. जाडजूड, काळा, रबरात गुंडाळलेला, वॉकीटॉकीसारखाही बोलणारा. त्यातून ठिणगी बाहेर पडत नाही, म्हणून थिनरच्या पंपघरात फक्त तोच न्यायचा. तो चार्ज करायचा मात्र बाहेर, म्हणून दादा तो घरी आणायचा. "हातमोजे घालून याचं एक बटण दाबेपर्यंत माणूस म्हातारा होईल," असं त्याचं रोजचं रडगाणं असे.

शनिवारची अर्धी शाळा आटोपून मी नुकतीच जेवले होते. आई म्हणाली, "जा, देऊन ये. आणि फाटकावर तोंड उघड गं बाई. नाहीतर उभी राहशील खांबासारखी."

तिचं काही चुकलं नव्हतं. मी हजेरीलासुद्धा इतक्या हळू 'हजर' म्हणते की बाईंना दोनदा विचारावं लागतं.

दुपार असूनही उजेड मळकट होता. कारखान्याची भिंत दिसायच्या आधीच थिनरचा वास आला. गोडसर, घशाच्या मागे जाऊन बसणारा. फाटकापाशी भिंतीवर लाकडी कप्पे होते. आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपला साधा फोन तिथे ठेवायचा.

"तू धाकटी ना? नाक दादाचंच आहे," फाटकावरचे काका हसले. मी वीट पुढे केली. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "ही घरी राहिली? मला तर म्हणाला, साधा फोन घरी राहिलाय. म्हणून तर त्याचा कप्पा रिकामा आहे."

माझे कान गरम झाले. साधा फोन त्याने सकाळी माझ्यासमोर खिशात घातला होता. आणि काल जेवताना म्हणाला होता, "मीटर बघून आकडे कसले लिहीत बसायचे? एक फोटो काढला की काम खलास."

"काका," मी म्हणाले, "त्याचा फोन आत आहे. तो आत फोटो काढणार आहे."

माझा आवाज इतका मोठा होता की टँकरच्या ड्रायव्हरने वळून पाहिलं.

काकांचा हात टेबलावरच्या फोनकडे गेला. "नको!" मी म्हणाले. "त्याला लावला तर आतच वाजेल."

तेवढ्यात मला आई आठवली. भांडी आवरली की ती रोज दादाला फोन लावते. रोज त्याचा फोन इथे कप्प्यात मुका पडलेला असतो. आज तो त्याच्या खिशात होता. मी घाईघाईने आईचा नंबर सांगितला. काकांनी लावला.

बिझी.

पुन्हा लावला. बिझी. आई कोणाशी बोलत होती?

काकांनी वॉकीटॉकी उचलली. "पंपघर... पंपघर, कोणी आहे का?"

त्यांचाच आवाज माझ्या हातातल्या विटेतून बाहेर आला. साहजिकच होतं, पंपघरातली वीट माझ्याकडेच होती. पण मग खरखर झाली आणि विटेतून दुसराच आवाज आला. हळू, थकलेला.

"पाठवा तिला... मी दारात आहे."

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "कोण बोलतंय?" त्यांनी विचारलं. फक्त खरखर.

"मी साहेबांना घेऊन येतो," ते उठत म्हणाले. "तू पिवळ्या पट्ट्यावरून सरळ जा. दुसरं दार पंपघराचं, त्याच्या बाहेरूनच हाक मार. आत पाय टाकायचा नाही. आणि दाराशी तांब्याची पट्टी आहे, तिला आधी हात लाव. अंगातली वीज उतरते."

मी निघाले. दोन्ही बाजूंना उंच टाक्या होत्या. जाड काचेतले दिवे पिवळे जळत होते. पंपांची घरघर जमिनीतून टाचांत चढत होती. पुढे वास इतका दाट झाला की जिभेवर त्याची चव आली.

दुसऱ्या दारात एक माणूस उभा होता. हेल्मेटच्या सावलीत त्याचा चेहरा दिसत नव्हता. त्याने मागायला धरावा तसा तळहात पुढे धरला होता.

"पट्टीला हात लावलास...?"

मी मान हलवली. मग वाटलं, नाही, आज बोलायचंच. "लावला. माझा दादा आत आहे. मला त्याला थांबवायचंय."

"थांबलाय तो," माणूस म्हणाला.

त्याने दुसरा हात पुढे केला. त्यात दादाचा फोन होता. मी घेतला तेव्हा बर्फाचा तुकडा धरल्यासारखं वाटलं.

"बाहेर ने... लांब."

मी वळून पळत सुटले. थेट फाटकाबाहेर गेले, तेव्हाच थांबले.

थोड्या वेळाने साहेब आणि काका दादाला घेऊन बाहेर आले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "फोटो काढायला खिशात हात घातला, तर फोन नाही," तो पुटपुटला. "पडला असेल म्हणून खाली वाकलो... तर व्हॉल्व्हखाली थिनरचं तळं. तसाच फ्लॅश मारला असता तर..."

मी त्याचा फोन दाखवला. "दारातल्या माणसाने दिला."

"तिथे कोणी नसतं," साहेब म्हणाले.

काका त्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलले. "पूर्वी फोनचे कप्पे त्या दारापाशी होते. सगळ्यांचे फोन जमा करून घेणारा एक जण होता. एकदा त्याचा स्वतःचाच खिशात राहिला. त्याच्या मुलीने घरून फोन केला... डबा विसरलात म्हणून..."



संध्याकाळी दादाने आईला सगळं सांगितलं. दारातल्या माणसाचं मात्र आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. आई कितीतरी वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग एकदम थांबली.

"पण मी लावला होता की रे दुपारी. तू उचललास ना?"

"वाजलाच नाही, आई."

"वाजायच्या आधीच उचललास. म्हणालास, आत असताना फोन करू नका. मुलगी येतेय, येऊ द्या तिला. मला वाटलं, थट्टा करतोयस." आईचा आवाज बारीक झाला. "कारण तू मला 'ताई' म्हणालास."

मी आईचा मोबाइल उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली माझ्याकडे घेतली.

"मला नीट ऐकूही येत नव्हतं," आई म्हणाली. "त्याच्या मागे दुसरा एक फोन सारखा वाजत होता. कोणी उचलतच नव्हतं."