कमलचा डावा पाय

सोमवारी दुपारी सव्वादोन वाजता कमलला मुलगी झाली, आणि तीन वाजले तरी रक्त थांबेना.

लातूर नवा जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. पावसानं दगा दिलेला. दवाखान्यातही बाळंतिणीसाठी पाणी घरूनच आणावं लागे. म्हणून तर शरणम्मा तिथं होती. औशाहून एसटीनं पाण्याचे कॅन घेऊन आली होती, नाहीतर तिला कोण येऊ देणार? लग्नाला बारा वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती. धाकट्या जावेच्या, कमलच्या, ओटीभरणाच्या दिवशी सासूनं, गुरम्मानं, तिला देवणीला माहेरी धाडून दिलं होतं. लिंगायताचं घर, बाळंतपणाचा, मरणाचा, कसलाच विटाळ ते धरत नसत... धरत होते तो फक्त तिच्या सावलीचा!

डॉक्टर प्रेमलाबाईंनी कमलचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि समोर दिसली तिच्या, शरणम्माच्या, हातात दिली. "मुठीत धरा, हलवू नका. उबेनं हे थिजायला हवं."

स्वतःसाठी कधी काही न मागितलेली ती बाई मूठ आवळून त्या नळीला विनवत राहिली... थिज गं बाई, थिज! पण डॉक्टरांनी नळी कलती केली तेव्हा रक्त पाण्यासारखं ओघळलं.

"वार वेळेआधी सुटली, त्यानं आत बारीक गुठळ्या होत गेल्या आणि रक्तातलं थिजवणारं द्रव्यच संपलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं ताजं रक्त हवं. लगेच."

कमलच्या नवऱ्याचं, गुरुपादप्पाचं, रक्त जुळलं नाही. तो नव्या कलेक्टर कचेरीत धावला आणि दोन कारकुनांना घेऊन आला. त्यांचं जुळलं, आणि शरणम्माचंही. कमलच्या शेजारच्या खाटेवर आडवी होताना ती सासूच्या धाकानं दिराला एवढंच म्हणाली, "भावजी, अव्वांना सांगू नका."

दिवेलागणीला रक्त थांबलं. गुरम्मा कारकुनांसमोर पदर पसरून रडली, "माझे देव हाईत तुमी!" दाराआड उभ्या शरणम्मानंही हात जोडले. आपलं नाव कुणी घेतलं नाही, याचं तिला काही वाटलं नाही. कमल श्वास घेत होती... आपल्यातलं काहीतरी अखेर कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं!

गुरुवारी सकाळी कमलचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला. गुरम्मा पोरीला न्हाऊ घालायला गेली होती, म्हणून डॉक्टरांनी शरणम्मालाच सांगितलं. "तेव्हा थिजत नव्हतं, आता नको तिथं थिजलंय. शिरेत गुठळी आहे. पाय चोळायचा नाही, दाबायचा नाही. ती सुटून फुप्फुसात गेली तर कमल हाती लागायची नाही. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सोलापूरहून आणावी लागतील. तीही जपून, नाहीतर पुन्हा वाहायला लागेल."

गुरुपादप्पा सोलापूरला निघाला, डॉक्टर दुसऱ्या बाळंतिणीकडे गेल्या, आणि गुरम्मा पोरीला पाळण्यात ठेवून कढत तेलाची वाटी घेऊन आली.

"सरक."

"अव्वा, पायाला हात लावू नका. डॉक्टरीणबाई न्हाई म्हणल्यात."

"गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणी मी तेल चोळून उठवल्या! तुला काय कळतंय बाळंतपणातलं? तुझीच नजर लागली माझ्या सुनंला, आन् वर मलाच शिकवायलीस?"

काळजात सुरी फिरावी तसा तो शब्द फिरला. पायाला धक्का न लावता, दोन्ही हातांनी खाटेची कड धरून शरणम्मा त्या पायावर पाखरासारखी वाकली. सासूनं तिचा दंड ओढला आणि तेल तिच्या हातावर सांडलं.

कमलनं डोळे उघडले. आवाज दोऱ्याएवढा. "अव्वा... अक्काचंच रगत हाय माझ्यात. शेजारी पडून दिलं तिनं, मी बघितलं. तिचा हात चालत नसंल, तर माझ्या अंगातलं काढून घ्या की!"

गुरम्माची नजर तेलानं निथळणाऱ्या हातावर गेली. कोपराच्या खळगीत सुईचा निळा डाग होता.

"का बोलली न्हाईस गं, वैरिणी?"

"बोलले असते, तर घेऊ दिलं असतं का?"

गुरम्मानं पदरानं तो हात पुसला आणि एकदम शरणम्माच्या पायांशी वाकली. शरणम्मा घाबरून मागं सरली. "अव्वा! आत्ता तर सांगितलं, पायाला हात लावायचा न्हाई म्हणून!"

खाटेवर कमल हसली, आणि हसता हसता तिघींचेही डोळे वाहू लागले.

"लई अन्याव केला मी," म्हणत गुरम्मानं पाळण्यातली पोर उचलून थोरल्या सुनेच्या ओटीत घातली. "जंगमस्वामी पोरीच्या गळ्यात लिंग बांधायला येतील, तवा ती तुझ्याच मांडीवर असंल. कोण काय म्हणतंय ते बघते मी!" शरणम्मानं तो ऊबदार, मुठीएवढा जीव छातीशी धरला. बारा वर्षांचा सल त्या क्षणी कुठं गेला, ते तिचं तिलाही कळलं नाही...

त्याच संध्याकाळी पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. तेव्हापासून सासू आणि थोरली सून आळीपाळीनं खाटेशी बसतात.

शनिवारी दुपारपर्यंत सूज उतरलेली नाही, वाढलेलीही नाही. रक्त पुन्हा वाहू लागलेलं नाही. धोका टळला का, या गुरम्माच्या प्रश्नाला डॉक्टर प्रेमलाबाई अजून हो म्हणत नाहीत.