खळ्यावरचा आवाज

कोयता वत्सला मॅडमच्या मानेत असा रुतला होता, की तो उपसताना हवालदार धाऊनेसुद्धा डोळे मिटले. मुरबाडच्या विद्यापीठ केंद्रातलं शेती-अवजारांचं दालन रक्ताने माखलं होतं. मुठीवर ठसे केंद्रातल्या शिपायाचे, जीवनचे. झालं! जीवन आत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची आई भागी शहापूरला रविनाच्या ऑफिसात येऊन धडकली. रविना खाजगी गुप्तहेर. मावसभाऊ मनोज तिचा मदतनीस, तिच्या मते बिनकामाचा.

"पोर रोज ती हत्यारं पुसतो गो बाय, त्याचेच ठसे असनार ना? मारून मारून तोंड सुजवलंय. आज नाय केलेलं पण कबूल करील तो!"

रविनाने हेल्मेट उचललं.

वत्सला मॅडम पीएचडीच्या मार्गदर्शक. त्यांचा नियम साधा होता. एआय वापरा, पण कुठे वापरलं ते लिहा. लपवलंत तर प्रबंध रद्द. प्रियांका आणि प्रणय या दोन विद्यार्थ्यांवर त्यांचा संशय होता.

"शिव्या घातल्या मी मॅडमना," प्रियांका म्हणाली. "मग कबूल केलं. त्यांनीच परत लिहायला मुदत दिली. खून झाला त्या दुपारी मी वाशिंदला अक्कलदाढ काढून घेत होते." तिने आ वासून टाके दाखवले. मनोजने मान फिरवली.

प्रणय शांत होता. "मी तानशाजवळ सकुबाईच्या खळ्यावर, तिच्यासमोर बसलेलो. मळणी त्याच दिवशी झाली. ऐका." मोबाइलमधून धान्याची सळसळ आणि म्हातारीचा घोगरा आवाज आला. "एक... दोन... तीन... यंदा भात बरा हाय, बाबा."

"सुटला हा," मनोज पुटपुटला.

सकुबाई खळ्यावर उरलेला भात मोजत होती.

"चपला काढ रे मेल्या! लक्षुमी हाय ती." मनोज अनवाणी, चटके खात उभा राहिला. म्हातारीने पायली भरून ओतली. "लाभ... दोन... तीन..."

"मळणीच्या दिवशी प्रणय आलेला, आजी?" रविनाने विचारलं.

"येतात पोरं, तोंडापुढं मोबाइल धरतात. कवा, ते कोन ध्यानात ठेवतो?"

रविना मात्र खुशीत बाइककडे धावली.

संध्याकाळी दालनात सगळे जमले. जीवन बेडीत, एक डोळा मिटलेला.

"प्रणय, पहिली पायली पडली तेव्हा सकुबाई काय म्हणाली?"

"एक. रेकॉर्डिंगमध्ये आहे की!"

धाऊने झटकन मान वर केली.

"आमच्या खळ्यावर पहिल्या मापाला 'एक' म्हणतच नाहीत," रविना म्हणाली. "लाभ म्हणतात. सकुबाई मरेल, पण 'एक' म्हणणार नाही. तिचा जुना आवाज एआयला देऊन तू हवं ते वदवलंस. मापाची ही रीत मशीनला ठाऊक नव्हती, आणि तुलाही नाही. तू खळ्यावर नव्हतासच. तुझ्या प्रबंधातल्या मुलाखती अशाच खोट्या आहेत हे मॅडमना कळलं, म्हणून तू त्यांना मारलंस. तू हातमोजे घातलेस, म्हणून मुठीवर पुसणाऱ्याचेच ठसे राहिले."

प्रणयने भिंतीवरचं मुसळ ओढलं. मनोजच्या खांद्याचं हाड कडकन मोडलं. दुसरा घाव रविनाच्या डोक्यावर येणार, तोच तिने स्टूल त्याच्या गुडघ्यांवर हाणलं. तो तोंडावर आपटला, धाऊ त्याच्या पाठीवर बसला.

"पाच वर्षं!" प्रणय रक्त थुंकत किंचाळला. "पाच वर्षं घातली मी! अन् ती म्हणते, रद्द!"

धाऊने जीवनच्या हातातली बेडी काढून प्रणयला घातली.

भागीने लेकाचं सुजलेलं तोंड चाचपलं आणि ती धाऊकडे वळली. "मारताना चौघं होते. आता पोराला घरी पोचवायला कोन येतो?"

धाऊने जीपची किल्ली काढली.