टाकीखालचा थांबा, चार तारे

विकणे आहे: ट्रेडमिल. तीन वर्षं जुनी. कपडे वाळत घालायला उत्तम. आजवर कोणी धावलेलं नाही.

*

आमचा पोपट कुकरच्या शिट्ट्या मारतो. आई मोजून गॅस बंद करते. डाळ रोज कच्ची. उपाय सुचवा.

*

मंगल कार्यालय. पाच तारे. जेवण छान, मठ्ठा गार. नवरा-नवरी ओळखीचे नव्हते. पुन्हा येऊ.

*

टाकीखालचा थांबा, मोशी. चार तारे. बस सहा दहाला. सावली नाही, पण सहाला ती लागतही नाही. सहा अकराला पोहोचलात तर आळंदीला जाऊन या, वेळच वेळ आहे. एक तारा कुत्र्यामुळे कापला. त्याला माझा डबा माहीत आहे.

*

इंटरनेटवर सापडलेल्या अशा गमती विजयश्री 'घावलं' नावाच्या पानावर टाकायची. पान कोण चालवतं हे कोणाला माहीत नव्हतं. एरवी ती चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे सुटे भाग तपासायची. फर्स्ट शिफ्ट, क्वालिटी.

थांब्याचा अभिप्राय नकाशावर सापडला, तो तिने गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी टाकला. रविवारपर्यंत चार लाख लोक हसले. त्यातले काहीशे थेट नकाशावर गेले आणि तिथे लिहून आले: 'स्विमिंग पूल नाही.' 'कुत्र्याने सेल्फी दिली नाही.' मंगळवारी थांबा नकाशावरून गेला. खोटी जागा समजून काढला असावा.

कंपनीच्या बसच्या थांब्याला पाटी नसते. पाण्याची टाकी, बंद गॅरेज, अशा खुणा असतात. नव्या माणसाला नकाशाच आधार. आणि मोशीत पाण्याच्या टाक्या पुष्कळ आहेत. बुधवारी तीन नवे ट्रेनी भलत्याच टाकीखाली उभे राहिले आणि त्यांची बस चुकली. ठेकेदाराचा नियम होता, तीन उशीर झाले की घरी.

विजयश्रीला हे बसमध्ये कळलं. शुक्रवारी ती आपला थांबा सोडून टाकीखाली गेली.

थंडी होती. रस्त्याच्या मधोमध एक जण कंपनीचं हेल्मेट हलवत ओरडत होता, "इकडं या! थांबा इथंच हाय!"

मग त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्ही इकडं काय करायलात? तुमचा थांबा तर पुढचा. मारुतीच्या देवळापाशी."

"तुम्हाला काय माहीत?"

"खिडकीतून दिसतंय की रोज." त्याने हेल्मेट दुसऱ्या हातात घेतलं. "म्हणजे... सगळेच दिसतेत."

"सगळ्यांचे थांबे पाठ आहेत?"

"न्हाई. एकच."

विजयश्रीने शाल सारखी केली. "इथे सावली नाही."

"सहाला कशाला लागती?"

एक कुत्रं आलं आणि सरळ त्याच्या डब्याच्या पिशवीत नाक घालून उभं राहिलं. तिला कळलं, हाच तो अभिप्राय लिहिणारा.

त्याचं नाव गणराज. गाव परभणीकडचं, काम मेंटेनन्सला.

पुढचे आठ दिवस ती टाकीखालीच चढली. तो आधी चढून शेजारची सीट हेल्मेट ठेवून धरायचा. बसच्या काचेवर दव असायचं. तो बोटाने त्यावर तारे काढून जागांना गुण द्यायचा. तळवड्याचा वजनकाटा, दोन तारे, माणसांचं वजन करून देत नाहीत. ती हसायची. हसता हसता ते पान आपलं आहे हे सांगायचं राहून जायचं.

"नकाशावर का नाही लिहीत आता?" तिने एकदा विचारलं.

"कशाला? लोकं हसायलेत. आन् त्या ट्रेनींतला आमच्या खोलीवरचा जयसिंग... दोन उशीर झालेत त्याचे. अजून एक झाला की गेला. म्हणून हे हेल्मेट."

"ज्याने ते पसरवलं त्याचं काय?"

"भेटला तर सोडणार न्हाई," गणराज म्हणाला. मग डबा उघडून तिला शेंगदाण्याची चटणी दिली.

नवव्या दिवशी विजयश्रीने बसमध्ये एक कोरा छापील फॉर्म काढला. कंपनीत काही बिघडलं की तो भरतात. पाच वेळा 'का' विचारायचं. पहिलं उत्तर बहुतेक खोटं असतं, पाचवं खरं.

"थांब्याचा भरू या," ती म्हणाली. "तुम्ही विचारा."

गणराज हसला. "बरं. थांबा नकाशावरून का गेला?"

"लोकांनी त्याच्यावर काहीबाही लिहिलं म्हणून."

"का लिहिलं?"

"'घावलं'वर तो आला होता."

"का आला?"

बस कुरुळीपाशी होती. पुढे कोणीतरी ड्रायव्हरला एसटीसारखी चालवू नको म्हणत होतं.

"मी टाकला. ते पान माझं आहे."

गणराजने हेल्मेट मांडीवर घेतलं. कागद दोघांच्या मध्ये पडून राहिला.

"दोन 'का' राहिलेत," ती म्हणाली.

"...का टाकला?"

"वाचून हसू आलं."

"चार लाख लोकांला आलं. तुम्हाला का आलं?"

"तुमचे सगळे अभिप्राय वाचले होते. एकशे बारा. ट्रॅक्टरच्या गॅरेजला तुम्ही पाच तारे दिलेत, कारण तिथला म्हातारा पाणी विचारतो. मला... मला तो लिहिणारा माणूस आवडायला लागला होता. एकटीपाशीच ठेवून राहवेना. म्हणून दाखवला सगळ्यांना." ती खाली बघत होती. "चूक झाली. जयसिंगला मीच सांगते."

गणराजने तिच्या हातातून पेन घेतलं. बोटं लागली, दोघांचीही गार होती.

"खाली उपाय लिहायचा असतो," तो म्हणाला.

"थांबा परत नकाशावर टाकायचा. 'घावलं'वर माफी. आणि तोवर हेल्मेट मी हलवते."

त्याने ते तसंच्या तसं लिहिलं. मग शेवटच्या रकान्यापाशी थांबला.

"जबाबदारी कोणाची?"

"माझी."

"एकटीला जमायचं न्हाई, विजयश्री," तो म्हणाला आणि दोन नावं लिहिली.

विजयश्रीला जनरल शिफ्टला घेतल्याचं पत्र त्याआधीच्या मंगळवारी आलं होतं. त्या शिफ्टची बस वेगळी. तिने नको म्हणून कळवलं होतं.